एका बाजूचं वजन

शुक्रवारी सकाळी चूळ भरायला बेसिनवर वाकलो आणि तिथेच राहिलो. तोंडात पाणी, एक हात नळावर, दुसरा बेसिनच्या काठावर, आणि कंबर जागच्या जागी खिळलेली. आधी वाटलं, होईल मोकळी, जरा दम धरावा. दम धरला. पाणी तोंडातच होतं. ते थुंकायलासुद्धा अजून थोडं वाकावं लागणार होतं, आणि वाकणं किंवा सरळ होणं यातलं काहीच आता माझ्या हातात नव्हतं. शेवटी ते पाणी गिळलं, टूथपेस्टच्या फेसासकट. स्वयंपाकघरात बायको शिट्टी वाजवत चहा करत होती. हल्ली ती शिट्टी वाजवते. आठ महिन्यांपूर्वी वाजवत नसे. मी हाक मारली असती तर दहा पावलांत आली असती, आणि कमरेच्या दुखण्यातलं तिला जेवढं कळतं तेवढं आमच्या ओळखीपाळखीत कोणाला कळत नाही. पण हाक मारायची म्हणजे कंबर कशाने धरली ते सांगायचं, आणि ते सांगण्यापेक्षा उरलेला जन्म बेसिनवर काढणं मला परवडलं असतं. मी कोपर बेसिनवर टेकलं, मग दुसरं टेकलं, मग भिंतीला हात लावत लावत, म्हातारा जिना चढतो तसा, भिंतीवरून वर आलो. पूर्ण नाही आलो. थोडा डावीकडे कललेला राहिलो.

खरं कारण असं होतं की आदल्या दिवशी, गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीत मी बायकोच्या जिममध्ये चोरून गेलो होतो आणि तिथल्या फळ्यावर तिच्या नावापुढे जेवढं वजन लिहिलं होतं तेवढं उचलायला गेलो होतो. सेहेचाळीसाव्या वर्षी. आयुष्यात पहिल्यांदा. जिना चढून कारखान्यात प्लास्टरची पोती नेण्यापलीकडे मी कधी काही उचललेलं नाही. मी कवळ्या बनवतो. दाताच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली आहे, तिला आम्ही कौतुकाने कारखाना म्हणतो. तिथे तोंडाचे साचे येतात, त्यात प्लास्टर ओतायचं, प्लास्टरच्या हिरड्यांवर मेण चढवायचं आणि मेणात एकेक दात बसवत जायचं, वर चौदा, खाली चौदा. मग मेण जाऊन त्या जागी गुलाबी प्लास्टिक येतं आणि कुठेतरी कोणीतरी पुन्हा भाकरीतुकडा चावायला लागतो. त्या माणसांना मी सहसा बघत नाही. तेवीस वर्षं स्टुलावर वाकून त्यांची तोंडं बघतो आहे, तीही माणूस वजा करून. त्यामुळे कंबर धरली म्हटलं की कामाची कंबर म्हणून कोणीही मान डोलावली असती. मीही तेच सांगायचं ठरवलं.

"कंबर?" मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिल्याबरोबर तिने विचारलं. वळूनसुद्धा नीट बघितलं नव्हतं.

"जरा अवघडली. कामाचं."

"पायात कळ जाते? मुंग्या? बोटं बधिर वाटतात?"

"नाही."

"मग घाबरू नकोस. स्नायू आहे. पडून मात्र राहू नकोस, चालत राहा."

हे सगळं तिने चहा गाळता गाळता सांगितलं. गाळणी हलली नाही. पोस्टाच्या खिडकीवर बसून दिवसभर लोकांची पार्सलं ग्रॅममध्ये तोलणारी ही बाई, आणि बोलत होती अशी की जणू शरीर ही तिच्या खात्यातलीच वस्तू. मला कौतुक वाटायला हवं होतं. मला राग आला. राग म्हणणंही सभ्यपणा झाला. जळलो मी. गेले आठ महिने मी रोज थोडा थोडा जळतो आहे, आणि पोटात दुखायचं ते आता कमरेत उतरलं एवढाच काय तो फरक.

कारण कंबर आमच्या घरात तिची होती. मुलगी झाली तेव्हापासून तिची कंबर दुखायची. मुलगी आता अठरा वर्षांची आहे, दुसऱ्या गावी शिकते. म्हणजे अठरा वर्षं. ऑफिसमधून आली की ती पर्स ठेवायची, पालथी पडायची आणि काही न बोलता साडी नाहीतर कुडता थोडा वर करायची. मी हात धुवायचो (नखांत प्लास्टर असायचं), मलमाची नळी घ्यायचो आणि मणक्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठे खालून वर न्यायचो. बोलणं असं नसायचं. कधी ती खिडकीवर आलेल्या एखाद्या तऱ्हेवाईक माणसाची गोष्ट उशीत तोंड ठेवून सांगायची, आणि अर्धी मला ऐकूच यायची नाही. भांडण झालं असलं तरी कुडता वर व्हायचा. आमची बरीच भांडणं त्या वीस मिनिटांत, एकही शब्द न काढता मिटली आहेत. तिच्या कमरेतल्या गाठी मला साच्यातल्या हिरड्यांसारख्या पाठ होत्या: डावीकडे एक सुपारीएवढी, तिच्याखाली दोन बारीक. त्या गाठी माझ्या होत्या. त्या कधी पूर्ण गेल्या नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्या जाव्यात असं मला वाटायचं का, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता.

आठ महिन्यांपूर्वी एका डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं की मलम पुरे, आता वजनं उचला. मला हसू आलं होतं. दुखणाऱ्या कमरेने वजनं उचलायची म्हणजे आगीत तेलच. नव्याचे नऊ दिवस, मी म्हटलं, मनात म्हटलं. पहिले पंधरा दिवस ती रिकामा बार उचलायची, त्याआधी तर म्हणे झाडूची दांडी. घरी येऊन हसत सांगायची. मी चोळायचो. मग महिना गेला, दोन गेले, गाठी मऊ पडायला लागल्या. माझ्या अंगठ्यांना ते तिच्याआधी कळलं. एका संध्याकाळी मी हात धुऊन नळी घेऊन आलो तर ती खुर्चीत बसून पेपर वाचत होती. "आज नको," ती म्हणाली, "दुखत नाहीये." दुसऱ्या दिवशीही दुखत नव्हतं. त्यानंतर कधीच दुखलं नाही. अठरा वर्षं माझ्या अंगठ्यांना जे जमलं नाही ते लोखंडाच्या एका बारने तीन महिन्यांत केलं. कानामागून आली आणि तिखट झाली, ती म्हण लोखंडालाही लागू पडते हे मला नव्याने कळलं. बायको बरी झाली म्हणून ज्याला वाईट वाटतं असा मी नवरा, हे मी कोणाला सांगणार होतो?

मग जे व्हायचं ते होत गेलं. बरण्यांची झाकणं ती स्वतः उघडायला लागली. एक दिवस कामावरून आलो तर बेडरूममधलं कपाट या भिंतीचं त्या भिंतीला गेलेलं. कोणी मदत केली विचारलं तर म्हणाली, कोणी नाही, पाय मजबूत रोवले की जातं. सुट्टीत घरी आलेल्या मुलीने फोनवर आईचा बार उचलतानाचा फोटो लावला. आधी तिथे आमचा तिघांचा होता. फोटोत बायकोचं तोंड वेडंवाकडं झालेलं, मानेच्या शिरा वर आलेल्या, आणि तरी असं काही सुख त्या चेहऱ्यावर की मी तो फोटो मुलीच्या फोनवर बोटांनी मोठा करून बघितला. इतक्या वर्षांत हा चेहरा मला दिसला नव्हता. कोणाला दिसत होता? इथे माझं डोकं जिथे जायचं तिथे गेलं. तिच्या बोलण्यात सारखं मास्तर, मास्तर. मास्तर म्हणाले टाच टेकव, मास्तर म्हणाले श्वास पोटात धर. माझ्या डोळ्यांपुढे तिशीचा एक गडी उभा राहिला, दंडावरून शर्ट फाटायला आलेला. मी त्याचा जीव तोडून मत्सर केला. त्याच्या आवाजाचा, त्याच्या पाण्याच्या बाटलीचा, तिच्या कमरेवर टेकणाऱ्या त्याच्या हाताचा. दोन महिने केला. मग एकदा छत्री द्यायच्या निमित्ताने जिमच्या दारापर्यंत गेलो तर मास्तर साठीचे निघाले. ढेरी, टक्कल, गळ्यात नॅपकिन. आणि ते हसले तेव्हा मला दिसलं की त्यांच्या तोंडात वरपासून खालपर्यंत माझीच कवळी आहे. समोरच्या दोन दातांत मी बारीकशी फट ठेवली होती, खरे वाटावेत म्हणून. माझ्या हातची ती खूण मी कुठेही ओळखली असती. आपलेच दात, आपलेच ओठ. स्वतः केलेल्या दातांवर माणूस जळणार कसा?

माणूस असता तर बरं झालं असतं. माणसाशी भांडता येतं, त्याला नावं ठेवता येतात, निदान त्याच्यापेक्षा आपण बरे असं रात्री म्हणता येतं. इथे कोणीच नव्हतं. फक्त एक बार होता, प्लेटा होत्या आणि ती होती, आणि त्या तिघांत काहीतरी चाललं होतं ज्यात मला जागा नव्हती. तिच्या तळव्यांना, बोटांच्या मुळाशी, पिवळट घट्टे पडले. जेवताना ती नकळत अंगठ्याने ते चाचपते. मी त्या घट्ट्यांकडे बघत जेवतो.

तर गुरुवार. दुपारी जिममध्ये कोणी नसतं हे मला तिच्याच बोलण्यातून माहीत होतं. मास्तरही त्या वेळी घरी जातात. दाराशी एक वही होती, एक दिवस फुकट करून बघणाऱ्यांसाठी. तिच्यात मी भलतंच नाव लिहिलं. कोपऱ्यात एक म्हातारे गृहस्थ एका जागी खिळलेली सायकल चालवत पेपर वाचत होते, त्यांनी मान वर केली नाही. भिंतीवर फळा. फळ्यावर नावं, नावांपुढे आकडे. तिच्यापुढे पन्नास. आता इथे माझी चूक झाली, आणि अशी चूक माझ्यासारखाच करू जाणे. कधीतरी जेवताना ती सांगत होती की त्यांच्यात एका बाजूचंच बोलतात. पंधरा लाव म्हटलं की दोन्हीकडे पंधरा-पंधरा लावायचे. मी तेव्हा ऐकत नसल्याचं दाखवत होतो. ज्याला ऐकत नसल्याचं दाखवायचं असतं त्याला पुढचं विचारता येत नाही. म्हणून मी फळ्यावरच्या पन्नासचा अर्थ दोन्ही बाजूंना पन्नास असा घेतला. शंका आली नाही का? नाही आली. ती करू शकणार नाही असं आता जगात काही आहे यावरच माझा विश्वास उरला नव्हता. मी वीसच्या दोन आणि दहाची एक अशा प्लेटा एका बाजूला चढवल्या, तशाच दुसऱ्या बाजूला. फोटोत बघितल्यासारखा उभा राहिलो. वाकलो. धरला.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. बार जमिनीतून उगवलेला असावा तसा होता. मी ओढत राहिलो, कान वाजायला लागले, दात दातांवर आवळले गेले, आणि एकदम, अगदी एकदम, तो सुटला. जमिनीपासून वर आला. फार नाही, चार बोटं. पण खाली हवा होती. तेवढ्यात कमरेत काहीतरी सरकल्यासारखं झालं आणि मी बार सोडला. धाडकन आवाज झाला. सायकलवरच्या गृहस्थांनी पान उलटलं. मला वाटलं होतं की तिला जे मिळतं ते मला मिळेल, तो चेहरा, ते सुख. काही मिळालं नाही. चार बोटं. ती पूर्ण उभी राहते आणि मी चार बोटं, एवढंच डोक्यात राहिलं. प्लेटा जागेवर ठेवल्या, तोंड धुतलं, कारखान्यात येऊन संध्याकाळपर्यंत एका वरच्या कवळीचे चौदा दात बसवले. तेव्हा फार दुखत नव्हतं. असली दुखणी रात्रभर विचार करतात आणि सकाळी निर्णय सांगतात.

शुक्रवारी ती ऑफिसला उशिरा गेली. मला सतरंजीवर झोपवलं, गुडघे छातीशी धरून हलकेच डुलायला लावलं, मग हातापायांवर उभं करून मांजरासारखी पाठ वर-खाली करायला लावली. कमरेखाली गरम पाण्याची पिशवी दिली. मी सतरंजीवरून पलंगाखालची धूळ बघत होतो. ती गुडघ्यावर बसली आणि माझ्या कमरेला तिने हात लावला, आणि मला धक्काच बसला, कारण इतक्या वर्षांत हे उलटं कधी झालं नव्हतं. तिची बोटं घाई न करता खाली गेली, थांबली, नेमक्या जागी टेकली. मी चोळायचो ते अंधारात चाचपडणं होतं. तिला माहीत होतं. घट्टे खरखरीत लागत होते. बरं वाटत होतं, आणि जितकं बरं वाटत होतं तितका मी आतून आंबट होत होतो. "इतकी आखडली आहेस... आखडली काय, आखडला आहेस म्हणते मी," असं म्हणून ती स्वतःशीच हसली. अठरा वर्षं जे वाक्य मी तिला म्हणायचो ते तिच्या तोंडात तसंच्या तसं बसलं होतं.

शनिवारी मी कामावर गेलो. चालल्याने बरं वाटेल हे तिचं म्हणणं खरं निघालं, याचाही मला राग आला. दुपारी दवाखान्यातून बाहेरच्या बाहेर मास्तर कारखान्यात आले. उजवीकडे खाली हिरडीला लागतंय म्हणाले. खालची कवळी काढून माझ्या हातात दिली आणि स्टुलावर बसून अर्ध्या तोंडाने बोलायला लागले. तुम्ही आमच्या बाईंचे मिस्टर ना, म्हणाले. उद्या या की बघायला. उद्या सकाळी उचलीचा दिवस आहे, वर्षातून एकदा ठेवतो आम्ही, सगळ्यांपुढे प्रत्येकाने आपल्या आजवरच्या आकड्याच्या पुढचा आकडा उचलायचा. बाई पंचावन्नला हात घालणार आहेत. महिनाभर दुसरं बोलत नाहीत.

मला ती त्याबद्दल महिनाभरात एक शब्द बोलली नव्हती. मी कवळी चाकावर धरली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "दोन्हीकडे पंचावन्न का?"

मास्तर खालच्या दातांशिवाय हसले. "मग मीच त्यांच्याकडे शिकायला गेलो असतो. सगळं धरून पंचावन्न. बारच वीसचा असतो. बोलताना आम्ही एका बाजूचं बोलतो, पण फळ्यावर लिहितो ते सगळं धरून."

गणित सोपं होतं. पन्नास, पन्नास आणि बारचे वीस. एकशे वीस. ती आठ महिने घाम गाळून जे उचलत होती त्याच्या दुपटीहून जास्त मी जेवणाच्या सुट्टीत जमिनीपासून सोडवलं होतं, चार बोटं का होईना. कवळी हातातून निसटता निसटता राहिली. मास्तरांनी ती तोंडात बसवून दोनदा चावून बघितलं, छान म्हणाले आणि गेले, आणि मी स्टुलावर बसून राहिलो. आत उकळ्या फुटत होत्या. दुपारभर मी एका अनोळखी बाईच्या सुळ्यांवरून बोट फिरवत एकशे वीस, एकशे वीस म्हणत होतो. पण संध्याकाळी घरी चालताना एक विचित्र गोष्ट लक्षात आली. एकशे वीस कळल्यावर जळणं थांबायला हवं होतं, ते वाढलं. पन्नासात तिला शिट्टी फुटते. पन्नासात तो चेहरा. मला एकशे वीसमध्ये कंबर. वजनाचा आणि सुखाचा काही संबंध असता तर मी परवाच नाचत घरी आलो असतो. म्हणजे तिच्याकडे जे होतं ते लोखंडात नव्हतंच, आणि ते कुठे होतं ते मला शोधताही येत नव्हतं, मग हिसकावायचं कुठून?

त्या संध्याकाळी माझी कंबर खरं तर बरीच मोकळी झाली होती. मी एकटा असताना वाकून चपला ठेवल्या. ती आल्यावर मात्र भिंत धरली. हे मी ठरवून केलं नाही असं म्हणायचं होतं, पण ठरवूनच केलं. रविवारी सकाळी नऊ वाजता तिने तिथे उभं राहू नये, सगळ्यांपुढे तिचा तो चेहरा होऊ नये, एवढीच माझी इच्छा होती. तिने माझ्या कमरेला मलम लावलं. नवी नळी आणली होती; जुनी कधीच वाळून गेली असेल. मी उशीत तोंड घालून कण्हत होतो आणि ती कुठल्या जागी दाबेल तिथे हाय करत होतो. एकदोनदा तिचा हात थांबला. काल इथे नव्हतं, ती म्हणाली. पसरलं असेल, मी म्हटलं.

रविवारी सकाळी ती सपाट तळाचे निळे बूट घालत होती. मी सतरंजीवर. मी एक कण्हणं सोडलं. तिने नाडी बांधणं थांबवलं नाही. दुसरं सोडलं. ती म्हणाली, फोन उशाशी ठेवलाय, थर्मासमध्ये चहा आहे, दोन तासांत येते, आणि तू त्या मांजराच्या पाठीचे दहा तरी कर. आवाज प्रेमळ होता. निघायची मात्र थांबणार नव्हती. म्हणजे कमरेने काम होणार नव्हतं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"मी गुरुवारी तुमच्या जिममध्ये गेलो होतो," मी म्हटलं. "एकशे वीस उचलले."

ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. मी सगळं सांगितलं, फळा, पन्नास, एका बाजूचं, वीसच्या दोन आणि दहाची एक. सांगताना माझा आवाज मलाच गोड लागत होता.

"किती वर आला?" तिने विचारलं.

मी चार बोटं दाखवली.

"आणि सुटायच्या आधी?"

"आधी काहीच होत नाही. वाटतं, तो जमिनीचाच आहे. कान वाजतात."

तिने मान हलवली. आता तिला शंका उरली नव्हती. हे ज्याने केलं आहे त्यालाच माहीत असतं. ती पलंगाच्या कडेवर बसली. मग बुटाशीच बोलल्यासारखं म्हणाली, "मला चाळीसचे पन्नास करायला अकरा आठवडे लागले." आणि तिने नाडी सोडली. एका बुटाची सोडली, मग दुसऱ्याची. मी सतरंजीवरून तिचा चेहरा बघितला. ओठ आत ओढलेले, डोळ्यांखाली काहीतरी बारीक झालेलं. तो चेहरा मी ओळखला. आठ महिने रोज सकाळी दाढी करताना मी तोच बघत होतो.

मी जिंकलो होतो. ती कुठे जाणार नव्हती. तिने बूट पलंगाखाली सारले, मलमाची नळी घेतली आणि माझ्याजवळ खाली बसली. "चोळते," ती म्हणाली. हात कमरेवर आला. शुक्रवारचा तो हात नव्हता. नुसता वर गेला आणि खाली आला, कुठेही थांबला नाही, काहीही शोधत नव्हता. मला जे हवं होतं ते हेच होतं: रविवारची सकाळ, ती, मी, मलम. आणि मला ते सोसेना. स्वतःचं दुखणं दुसऱ्याच्या अंगावर बघितलं की कळतं ते किती कुरूप आहे.

"थांब," मी म्हटलं. "खोटं सांगितलं."

"काय खोटं?"

"एकशे वीस. बार हललासुद्धा नाही. बारपर्यंत पोचलोच नाही मी."

"आणि ते कान वाजतात ते?"

"काल मास्तर आले होते कवळी घासायला. त्यांनी सांगितलं."

तिने हात काढून घेतला. मला वळून तिच्याकडे बघण्याचं धाडस झालं नाही. "मग कंबर कशाने धरली?" तिने हळूच विचारलं.

"प्लेट काढताना. प्लेटा टांगतात त्या घोड्यावरून. एका हाताने काढायला गेलो."

"एका हाताने?"

"हो."

"वीसची?"

मी आकडा अर्धा केला. मग म्हटलं, "दहाची."

पहिल्यांदा तिच्या नाकातून आवाज आला. मग ती हसायला लागली. आधी तोंड दाबून, मग उघड, मग पलंगाची कड धरून. दहाची, असं ती मध्येच म्हणायची आणि पुन्हा सुरू व्हायची. डोळे पुसत तिने पलंगाखालून बूट ओढले, नाड्या आवळल्या, घड्याळाकडे बघितलं. माझ्या केसांतून हात फिरवला, लहान मुलाच्या फिरवतात तसा, आणि उठली. दारात थांबून म्हणाली, "मास्तरांना सांगू?"

"सांग."

तिचं हसणं जिन्यावरून खाली जाताना ऐकू येत होतं. त्या हसण्याचा मला हेवा वाटला नाही असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. वाटला. थोड्या वेळाने तिथे दहा-बाराजण हसणार होते, मास्तर माझ्या दातांनी हसणार होते, आणि मग ती वाकून बार धरणार होती. मला घड्याळ दिसत नव्हतं. उठून बघावं म्हणून मी हात टेकले, गुडघा आत घेतला, आणि कमरेत कळ आली, पहिल्या दिवशीपेक्षा मोठी, अगदी खरी. मी होतो तसा थांबलो. फोन उशाशी होता. तिला आता बोलवायचं नव्हतं.